उजवी लेन कुणाच्या बापाची?

रविवार, संध्याकाळचे साडेसहा. लोणावळा मागे टाकून पुण्याकडे येतोय. माझ्यापुढे सगळ्यात उजव्या लेनमध्ये एक पांढरी हॅचबॅक आहे. वेग अठ्ठ्याहत्तर. तिच्यापुढे रस्ता इतका रिकामा की टेनिस बॉलची मॅच लावता येईल. तिच्या डावीकडची मधली लेनही रिकामी. तिच्या मागे मी आणि माझ्या मागे नऊ गाड्या. नऊ म्हणजे आरशात दिसल्या तेवढ्या. मागच्या काचेवर स्टिकर आहे : ‘घाई कशाला? घरी कुणीतरी वाट बघतंय.’

बघत असेल हो काका. पण आत्ता आम्ही दहा जण तुमची वाट बघतोय.

हा लेख त्या काकांच्या विरोधात आहे. काका म्हणालो ते सवयीने. गाडीत पंचविशीतली मुलगी असू शकते, माझ्या वयाचा आयटीवाला असू शकतो, लग्नाला निघालेलं अख्खं कुटुंब असू शकतं. पांढऱ्या हॅचबॅकचाही काही दोष नाही. दोष एका समजुतीचा आहे आणि ती समजूत अशी : मी सावकाश चालवतोय, म्हणजे मी सुरक्षित चालवतोय, म्हणजे मी कुठल्याही लेनमध्ये असलो तरी बरोबरच आहे. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं अर्धवट खरं आहे. तिसरं साफ खोटं आहे आणि त्या खोट्यापायी माणसं मरतात.

आधी एक शब्द कचऱ्यात टाकू या. ‘फास्ट लेन.’ अशी काही लेन नसते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जायला तीन आणि यायला तीन अशा सहा लेन आहेत. डावी ट्रक-बसेसची. मधली कारची. उजवी ओव्हरटेकची. म्हणजे उजवी लेन ही राहायची जागा नाही, ती जिना आहे. चढायचं, पुढच्याला मागे टाकायचं, उतरायचं. जिन्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसणाऱ्याला सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय काय ऐकावं लागेल, कल्पना करा. ‘पण मी शांतपणे वाचत होतो’ हा त्याचा बचाव कुणी ऐकून घेईल?

तुम्ही शंभरने जाताय की ऐंशीने, याचा इथे संबंध नाही. मधली लेन मोकळी असेल आणि तुम्ही कुणाला ओव्हरटेक करत नसाल, तर शंभरनेसुद्धा तुम्ही चुकीच्या जागी आहात. हे मी पदरचं सांगत नाही. आपल्याकडे १९८९ पासून रस्त्यावर गाडी कशी चालवायची याचे केंद्रीय नियम आहेत, ते २०१७ मध्ये नव्याने आले. १९८९च्या नियमातली दोन कलमं तर शाळेतल्या मुलालाही कळतील इतकी सोपी होती. एक, शक्य तितकं डावीकडून चाला. दोन, कुणी तुम्हाला ओव्हरटेक करत असेल तर वेग वाढवू नका आणि त्याला अडेल असं काहीही करू नका. दुसऱ्या नियमाला ‘तो जोरात असेल तर अडवा’ असा पोटनियम नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा नियमांच्या भंगाला केंद्रीय कायद्यात पाचशे ते हजार रुपये दंडही आहे. तुमच्या ओळखीत कुणाला उजवी लेन अडवली म्हणून कारचं चलान आलंय? माझ्या ओळखीत एकालाही नाही.

आता इथे कमेंटमध्ये येणारं वाक्य मीच लिहून टाकतो. ‘एक्सप्रेसवेवर मर्यादा शंभरची आहे. मी शंभरने चाललोय. मला ओव्हरटेक करणारा कायदा मोडतोय. त्याला मी का वाट देऊ?’

कारण तुम्ही पोलीस नाही. एवढं उत्तर खरं तर पुरेसं आहे. तरी सांगतो. गाडीचा स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. कमी दाखवता कामा नये असा कंपन्यांवर नियम असतो, म्हणून त्या हात राखून काटा बसवतात. मोबाइलच्या मॅपवर वेग बघा, तुमचे शंभर तिथे चौऱ्याण्णव-पंच्याण्णव असतील. म्हणजे ज्याला तुम्ही गुन्हेगार ठरवून अडवताय तो कदाचित मर्यादेतच आहे. शिवाय तो कोण आहे, तुम्हाला माहीत नाही. मागच्या सीटवर कुणाला अॅटॅक आलेला असू शकतो. नसेलही. बहुतेक वेळा तो नुसता घाईतला माणूसच असतो. पण घाईतल्या माणसाला अडवून तो शांत होत नाही. तो डावीकडून निघतो. आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

शीर्षकातला प्रश्न शिवीसारखा वाटला असेल. पण त्याचं एक सरळ उत्तर आहे. उजवी लेन माझ्या बापाची आहे.

बाबा एका बँकेतून निवृत्त झाले. पस्तीस वर्षांत एकही अपघात नाही, एकही दंड नाही. पियूसी संपायच्या आठ दिवस आधी नवं काढतात. सीटबेल्ट लावल्याशिवाय किल्ली फिरवत नाहीत. असा माणूस उर्से टोल सोडला की इंडिकेटर देऊन, आरशात बघून, अत्यंत शिस्तीत उजव्या लेनमध्ये जातो आणि थेट कळंबोलीला बाहेर येतो. वेग पंचाहत्तर.

मी दहा वर्षं त्यांच्याशी भांडतोय. त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नाही, म्हणून इथे नीट मांडतो. ते म्हणतात, उजवीकडे दुभाजक असतो. तो हलत नाही. म्हणजे मला फक्त डावी बाजू सांभाळायची. मधल्या लेनमध्ये गेलो की दोन्ही बाजूंनी गाड्या, दोन्ही आरसे, दोन्ही भीत्या. वर आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याला उजवी कड दिसते, डावीचा अंदाज लागत नाही. वयाबरोबर तो आणखी कमी लागतो. मला हे पटत नाही, पण कळतं. आणि हे कळल्यावर लक्षात आलं की उजव्या लेनमधली ही सगळी मंद माणसं माजोरडी नाहीत. बरीचशी घाबरलेली आहेत. ती भिंतीला धरून चालताहेत.

त्यात आपल्या इतर रस्त्यांनी त्यांना जे शिकवलंय ते वेगळंच. पुणे-सातारा रस्त्यावर डाव्या लेनमध्ये दहा मिनिटं गाडी चालवून बघा. समोरून उलट्या दिशेने दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल येते. पुढे बंद पडलेला ट्रक असतो आणि त्याच्यामागे धोक्याची खूण म्हणून चार दगड आणि एक झाडाची फांदी. पुढे वडापला थांबलेली जीप. पुढे ज्यूसची गाडी, तिच्यासमोर तिरक्या लावलेल्या सहा कार. अशा रस्त्यावर शहाणा माणूस डावीकडे कशाला जाईल? तो उजवीकडे सरकतो आणि ती सवय घेऊन एक्सप्रेसवेवर येतो. (गंमत म्हणजे त्या रस्त्यांवर उजवी लेनही सुरक्षित नसतेच. दुभाजकाच्या फटीतून यू-टर्न घेणारा तिथेच थांबलेला असतो.)

पण एक्सप्रेसवे तसा नाही ना! तो २००२ मध्ये पूर्ण झाला तो याचसाठी की तिथे दुचाकी नाही, रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, फाटा नाही, चौक नाही. डावीकडच्या ज्या भुतांना घाबरून आपण उजवीकडे पळालो ती भुतं साडेचौऱ्याण्णव किलोमीटर गेटबाहेर ठेवलेली आहेत. तरी आपण भिंत सोडत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याहून नवी मुंबईला मला सोडायला बाबा निघाले होते. आई मागे, मी शेजारी. घाट उतरलो, खालापूर टोल गेला. पनवेलच्या बाजूचा तो सरळ, सपाट पट्टा. बाबा उजवीत, पंचाहत्तरवर. मधल्या लेनमध्ये आमच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, भाजीचा टेम्पो. डावीकडे कंटेनर. तीन गाड्यांची एक भिंतच पनवेलकडे निघाली होती. मागे एक काळी एसयूव्ही आली. आधी एक डिपर. मग चार. मग सलग, लग्नाच्या मांडवासारखं. मी म्हणालो, बाबा, टेम्पोला पुढे जाऊ द्या किंवा आपण पुढे होऊन मधे जाऊ. बाबा म्हणाले, ‘त्याला एवढी घाई असेल तर आदल्या दिवशी निघायचं.’

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय आणि मला ते आवडायचं.

टेम्पो जरासा मागे पडला, आमच्यात आणि त्याच्यात एका गाडीपुरती फट झाली. एसयूव्ही त्या फटीत घुसली आणि तिथून आमच्या बॉनेटसमोर उजवीकडे तुटली. बाबांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला. मला आवाज आठवतो तो आमच्या गाडीचा नाही, टेम्पोच्या टायरचा. तो आडवा होत होत शोल्डरवर जाऊन थांबला. मागचा कंटेनर हॉर्न वाजवत त्याच्या शेजारून गेला. किती अंतर ठेवून, ते मी सांगणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. आमचा उजवा आरसा दुभाजकाला लागून गेला. बास. एवढंच झालं. एसयूव्ही दिसेनाशी झाली होती.

आम्ही पुढे शोल्डरवर थांबलो. एक्सप्रेसवेवर असं थांबू नये, उतरू तर अजिबातच नये, हे मला माहीत आहे. बाबा उतरले आणि पाण्याची बाटली घेऊन टेम्पोकडे चालत गेले. मी मागे. आतला पोरगा बावीस-तेवीसचा असेल. हात थरथरत होते, बाटलीचं बूच त्याला उघडेना. बाबांनी उघडून दिलं. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘काका, माझ्यापुढं किती जागा होती. दोन किलोमीटर तुम्ही माझ्या बाजूलाच होता.’

भांडायला म्हणून नाही. नुसतं सांगितलं.

बाबा गाडीत येऊन बसले आणि म्हणाले, ‘तो काळ्या गाडीवाला माजलाय.’ माजलेला होताच. त्याचं लायसन्स जन्मभरासाठी काढून घ्यायला हवं, तो त्या दिवशी चार माणसं मारणार होता. पण टेम्पोवाल्या पोराचं वाक्यही खरं होतं. एकाचा गुन्हा पूर्ण शंभर टक्के असला म्हणून दुसऱ्याची चूक शून्य टक्के होत नाही. हे गणित आपल्याला जमत नाही. अपघात झाला की आपल्याला एकच आरोपी लागतो, शक्यतो मोठ्या गाडीतला.

या रस्त्याने आपली कितीतरी माणसं नेली आहेत. २००१ मध्ये भक्ती बर्वे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे. २०२२ मध्ये विनायक मेटे. त्या अपघातांची कारणं वेगवेगळी होती आणि त्यांच्यावर माझा मुद्दा लादण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही. ज्यांची नावं छापून आली नाहीत ती किती, त्याचा तर हिशोबच नाही. एवढंच म्हणतो, की या रस्त्यावर ‘एवढंच झालं’ आणि ‘सगळं संपलं’ यातलं अंतर आमच्या आरशाइतकं असतं.

ट्रकवाल्यांबद्दलही बोलायला हवं, नाहीतर कारवाल्यांनी कारवाल्यांसाठी लिहिलेला लेख होईल. घाटात एक ट्रक दुसऱ्याला ओव्हरटेक करतो हे दृश्य ज्याने पाहिलंय त्याला संयम म्हणजे काय हे शिकवायला नको. सपाटीवरचा हिशोब करा. पुढचा ट्रक पंचावन्नने जातोय, मागचा साठने. फरक ताशी पाच किलोमीटर. दोन ट्रकची लांबी आणि पुढे-मागे सोडायची जागा धरून शंभर मीटर जास्त कापायचे. लागतात बहात्तर सेकंद. तेवढ्या वेळात दोघं मिळून सव्वा किलोमीटर रस्ता बंद करून ठेवतात. आणि मिळवलं काय? पंचावन्नच्या जागी साठ. तरीही ट्रकवाल्याला मी काकांपेक्षा कमी दोष देतो. त्याच्या गाडीत वीस टन माल आहे, चढावर एकदा वेग तुटला की तो परत यायला पाच मिनिटं लागतात, आणि त्याला मालकाने वेळ बांधून दिलेली आहे. पांढऱ्या हॅचबॅकला कुणी वेळ बांधून दिलेली नव्हती. तिच्यामागे टन नव्हते. तिला फक्त डावीकडचा इंडिकेटर द्यायचा होता.

आता आपल्याकडे वळू. म्हणजे मागच्या गाडीतल्या माझ्याकडे.

मी डिपर मारतो. मारायचो, असं लिहिणार होतो, पण गेल्याच महिन्यात मारला. मागून चिकटतोही. शंभरने जाताना गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हणजे पंचावन्न मीटर. आपण ठेवतो दहा. दहा मीटर म्हणजे सेकंदाच्या एक तृतीयांशाहून जरा जास्त. तेवढ्यात ब्रेककडे पाय नेण्याचा विचारसुद्धा डोक्यात पूर्ण होत नाही. आणि हे सगळं कशासाठी? घाट, टोल, गर्दी सगळं बाजूला ठेवून अख्खा एक्सप्रेसवे ऐंशीने कापला तर एक्काहत्तर मिनिटं. शंभरने कापला तर सत्तावन्न. चौदा मिनिटांचा फरक. फूडमॉलवर वडापावच्या रांगेत आपण त्याहून जास्त वेळ उभे राहतो आणि डिपर मारत नाही.

म्हणून ‘मला उशीर होतो’ ही माझी तक्रारच नाही. घ्या माझी चौदा मिनिटं. माझी तक्रार ही आहे की उजवी लेन बंद झाली की रस्ता विणकाम होतो. गाड्या डावीकडून, मधून, उजवीकडून, जिथे फट दिसेल तिथून टाके घालत निघतात. डावीकडून येणारा दिसायला सगळ्यात कठीण, कारण तो ड्रायव्हरच्या आंधळ्या बाजूने येतो. शिस्तीच्या रस्त्यावर मला एवढंच माहीत असायला हवं की जो माझ्यापेक्षा जोरात आहे तो उजवीकडून येईल. एवढी एक खात्री मिळाली की अर्धी भीती जाते. बाबांची तर पाऊण जाईल. ज्या भीतीने ते उजवीकडे जातात तीच भीती ते तिथे जाऊन तयार करतात, हे त्यांना कसं सांगायचं ते मला दहा वर्षांत जमलेलं नाही.

ब्रिटनमध्ये, जिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, २०१३ च्या ऑगस्टपासून लेन अडवून बसणाऱ्याला पोलीस जागेवर शंभर पौंड दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट देऊ शकतात. जर्मनीत ऑटोबानच्या बऱ्याच पट्ट्यांवर वेगमर्यादाच नाही, आणि तरी ती व्यवस्था चालते, कारण तिथे चुकीच्या बाजूने ओव्हरटेक करणं आणि विनाकारण ओव्हरटेकच्या लेनमध्ये रेंगाळणं दोन्ही गुन्हे आहेत. दोन्ही. आपण यातलं पहिलं वेडेपणा समजतो आणि दुसरं संस्कार.

आपल्याकडे २०२४ मध्ये एक्सप्रेसवेवर कॅमेरे आले, आयटीएमएस आलं. चांगलं झालं, माझं त्यात स्वतःचं चलानही आहे. पण त्याचा एक विचित्र परिणाम मी दर आठवड्याला बघतो. आता लोकांना एकच नियम खरा वाटायला लागलाय, वेगाचा. बाकीचे नियम सुविचार. चलान आलं नाही म्हणजे मी निर्दोष, असा हिशोब झाला. त्यामुळे उजवीत पंच्याण्णववर क्रूझ लावून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आता नुसती शांतता नसते, तेज असतं.

आणि शिकवलं कुणी कुणाला? मी लायसन्स काढलं तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नव्हतो. परीक्षेत एच काढला, रिव्हर्स घेतला, फॉर्मवर शिक्का पडला. तीन लेनच्या रस्त्यावर कधी कुठे असायचं, मर्ज कसं व्हायचं, ऐंशीच्या वेगात डावा आरसा कसा वाचायचा, यातलं काही कुणी सांगितलं नाही. चाळीसच्या वर गाडी न चालवलेल्या माणसाला त्याच लायसन्सवर दुसऱ्या दिवशी समृद्धीवर एकशेवीसच्या रस्त्यावर जायची परवानगी आहे. पोहण्याची परीक्षा बादलीत घेऊन समुद्रात सोडतात त्यातला प्रकार. ‘लेनची शिस्त पाळा’ एवढा बोर्ड लावला की सरकारचं काम संपलं. शिस्त म्हणजे कोणती, ते बोर्डावर मावत नाही.

टेम्पोच्या त्या दिवसानंतर बाबा मला काही म्हणाले नाहीत. मीही विषय काढला नाही. आरसा बदलला, बाराशे रुपये झाले. दिवाळीत पुन्हा एकत्र निघालो तेव्हा उर्से टोलनंतर त्यांनी गाडी मधल्या लेनमध्ये ठेवली. माझ्याकडे न बघता. पुढे एक बस आली तेव्हा उजवीकडे गेले, बस मागे पडली आणि इंडिकेटर देऊन परत मधे आले. मागची लाल गाडी उजवीकडून निघून गेली, डिपर नाही, हॉर्न नाही. ‘बघ, एवढा रस्ता होता,’ बाबा म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही.

मी नसलो की मात्र काय होतं ते मला आई कळवते. तिला टाइप करायचा कंटाळा असतो, त्यामुळे मेसेज छोटा असतो. परवा सकाळी ऑफिसात बसलो होतो, आईबाबा पनवेलला मावशीकडे निघालेले. सव्वाआठला फोन वाजला.

‘कामशेत. उजवी.’

मग चार मिनिटांनी : ‘अजून उजवीच.’